तिघांची बैठक

आकाशवाणीचं केंद्र पहाटे सुरू होताना वाजणारी ती धून आठवून बघा. तंबोऱ्याच्या गुंजनावर एक व्हायोलिन हळूहळू वर चढत जातं. ज्यांच्या घरी बंब पेटवायच्या वेळीच रेडिओ लागत असे, त्या नागपूरकरांना ती धून एखाद्या भूपाळीइतकी पाठ आहे. ती रचण्याचं श्रेय सामान्यतः वॉल्टर कौफमन यांना दिलं जातं आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं मानलं जातं. आपलं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधीच कौफमन भारत सोडून गेले होते.

आज मला बोलायचं आहे ते याच दोघांच्या आणखी एका उद्योगाबद्दल. कौफमन १९०७ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कार्ल्सबाड या गावी एका ज्यू कुटुंबात जन्मले. बर्लिनला संगीत शिकले, प्रागला संगीतशास्त्राचा अभ्यास केला. प्रबंध तयार झाला होता. पण आपले एक प्राध्यापक नाझी संघटनेत पुढारीपण करतात हे कळल्यावर त्यांनी पदवीच घेतली नाही. हिटलर सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी, १९३४ साली, कौफमन मुंबईत उतरले. काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे कार्यक्रम होऊ लागले. मे १९३७ पर्यंत असे १३६ कार्यक्रम झाले होते. त्या काळचं एक छायाचित्र आहे. पियानोवर स्वतः कौफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ वेर्गा हे इटालियन वादक. एक बोहेमियन ज्यू, एक मुंबईचा पारशी आणि एक इटालियन, अशी ही तिघांची बैठक.

या तिघांच्या मेळाला ‘पियानो ट्रायो’ म्हणतात. नावावरून तीन पियानो असतील असं वाटतं, पण तसं नाही. पियानो एकच, जोडीला व्हायोलिन आणि चेलो. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातलं मोठं वाद्य. वादक ते दोन गुडघ्यांमध्ये धरून, बसून वाजवतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे १९६ कंपनं देते, तर चेलोची ६५. म्हणजे चेलो पुरुषी खर्जात उतरतो, आणि वर चढला की भरदार गळ्यासारखा गातो. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे दोनशेहून जास्त तारा असतात. एकाच वेळी दहा बोटांनी दहा सूर लावू शकणारं असं ते वाद्य आहे.

‘चेंबर’ म्हणजे खोली. हे संगीत मोठ्या रंगमंचासाठी जन्मलंच नाही. ते दिवाणखान्यासाठी जन्मलं. आपल्याकडे महालातल्या एखाद्या वाड्यात गाद्या-लोड टाकून बैठक भरावी, गवय्याच्या श्वासाचाही आवाज पहिल्या रांगेला ऐकू यावा, तसाच याचा मूळ थाट. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या विस्तीर्ण प्रेक्षागृहात, ध्वनिक्षेपकाच्या आधारानं, असा कार्यक्रम झाला तर वादकांचा दोष नसतानाही अर्धी गंमत जाते. ध्वनिक्षेपकावर तिन्ही वाद्यं सारख्याच अंतरावर आल्यासारखी वाटतात. कोण कुणाला उत्तर देतंय हे कानाला कळत नाही.

आणि उत्तर देणं हाच तर या संगीताचा प्राण आहे. सुरुवातीला तसं नव्हतं. अठराव्या शतकातले पियानो अंगानं किरकोळ होते, त्यांचा खर्ज दुबळा होता. त्यामुळे हायडनच्या ट्रायोंमध्ये चेलोचं काम मुख्यतः पियानोच्या डाव्या हाताला आधार देण्याचं. साथीला साथ म्हणा ना! मोझार्टनं चेलोला थोडं बोलू दिलं. बीथोवननं मात्र १७९५ साली आपल्या पहिल्या अधिकृत प्रकाशनासाठीच तीन पियानो ट्रायो निवडले आणि तिघांनाही मानाच्या पाटावर बसवलं. पुढे शुबर्ट, ब्राम्स, ड्वोरझाक अशा कितीतरी रचनाकारांनी या तिघांसाठी लिहिलं.

बीथोवनचीच एक हकिगत या कलेचं मर्म सांगते. ‘आर्चड्यूक’ नावानं प्रसिद्ध असलेला त्याचा ट्रायो १८११ साली लिहून झाला. १८१४ साली व्हिएन्नात तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजला, तेव्हा पियानोवर बीथोवन स्वतः होता. तोवर त्याचे कान जवळजवळ गेले होते. त्या सुमारास त्याची एक तालीम ऐकणाऱ्या स्पोहर या व्हायोलिनवादकानं लिहून ठेवलं आहे की, जोरकस जागी बीथोवन पट्ट्या इतक्या ठोकी की तारा खणखणत, आणि हळुवार जागी बोट इतकं हलकं पडे की सूर उमटतच नसत. लिहिताना बीथोवनला मनातल्या मनात तिन्ही वाद्यं ऐकू येत होती. वाजवताना मात्र शेजारच्या दोघांचं ऐकू येईना. पियानोवादक म्हणून त्यानंतर तो लोकांसमोर फारसा बसला नाही. ट्रायोमध्ये बोटांइतकेच कानही वाजवतात, ते असं.

आपल्या कानाला या संगीतात पहिली अडचण येते ती सुरांची. तंबोरा नीट जुळला की त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पियानोत नसतो. सप्तकाचे १२०० भाग केले, तर तंबोऱ्याचा शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर येतो. पियानोचा ४०० वर. सगळ्या पट्ट्यांतून वाजवता यावं म्हणून पियानोच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्याची ही किंमत. हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला आणि १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. पेटीत मींड नाही, तशी पियानोतही नाही. पण व्हायोलिन आणि चेलोला पडदे नसतात. ते कुठल्याही श्रुतीवर उभे राहू शकतात. तेव्हा ट्रायोतल्या या दोघांना सतत कसरत करावी लागते. पियानोबरोबर एकच सूर लावायचा असेल तिथं पियानोच्या मापात राहायचं, आणि दोघंच बोलत असतील तिथं आपला गोड गंधार लावायचा. कान देऊन ऐकलं तर ही ये-जा समजते.

दुसरी अडचण ‘सा’ची. आपल्या मैफलीत षड्ज एकदा लागला की शेवटपर्यंत हलत नाही. सगळा प्रवास त्या घराच्या अंगणातला. पाश्चात्त्य रचनेत घरच बदलतं. पहिल्या भागात एक स्वरवाक्य येतं, मग रचना दुसऱ्या ‘सा’वर मुक्काम हलवते, तिथं दुसरं वाक्य येतं, मधल्या भागात अनेक घरं पालथी घातली जातात आणि शेवटी दोन्ही वाक्यं मूळ घरी परत येतात. त्या परतण्याचा आनंद आपल्या समेवर येण्यासारखा आहे. फक्त ही सम काही मिनिटांनी एकदाच येते. त्यासाठी पहिली वाक्यं लक्षात ठेवावी लागतात.

तिसरा प्रश्न मला हमखास विचारला जातो, ‘तबला नाही, मग लय कोण धरतं?’ तिघंही धरतात. इथं हात हलवणारा संचालक नसतो. व्हायोलिनवादक सुरुवातीला श्वास घेतो, गज किंचित उचलतो आणि तेवढ्यावर बाकीचे दोघं उठावतात. पियानोवाला बहुधा दोघांच्या मागे असतो. त्याला त्यांचे गज आणि खांदे दिसतात, त्यावरून तो पुढचं ओळखतो. म्हणून कार्यक्रमाला गेलात तर शक्य तितकं पुढं बसा. एक रचना बहुधा तीन-चार भागांची असते आणि दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. आपल्यासारखी ‘वाहवा’ द्यायला जागा नाही, याची चुटपुट लागते खरी. पण ती शांतता रचनेचाच भाग असते.

सुरुवात कुठून करावी? ड्वोरझाकचा १८९१ सालचा ‘डुमकी’ ट्रायो ऐका, असं मी सुचवीन. ड्वोरझाक कौफमन यांच्याच बोहेमियातला. ‘डुमका’ म्हणजे विचारात बुडालेलं, उदास वळणाचं गाणं. असे सहा तुकडे त्यात आहेत आणि प्रत्येकात उदास संथ चाल अचानक उसळून नाचू लागते. पहिल्यांदा फक्त चेलोच्या मागे जा. दुसऱ्यांदा व्हायोलिनच्या. तिसऱ्यांदा पियानोच्या. चौथ्यांदा कुणाच्याच मागे जाऊ नका. तिघं आपोआप एकत्र ऐकू येतील.

इतकी मेहनत का करायची, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर कौफमन यांनीच देऊन ठेवलं आहे. युरोपात असताना त्यांनी भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या, तेव्हा त्यांना ते काहीच कळलं नाही, आवडलंही नाही. पण त्यांनी असा विचार केला की, लाखो माणसं ज्या संगीतावर जीव टाकतात ते वाईट कसं असेल? दोष आपल्या कानाचा असणार. तेव्हा जिथं ते जन्मलं तिथं जाऊनच ते शिकलं पाहिजे. १९३७ ते १९४६ ते मुंबईच्या रेडिओ केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते, पण कान आपल्या संगीताकडे लागलेले होते. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथं त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९६८ साली आणि दक्षिणेकडच्या रागांवर १९७६ साली जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केले. १९८४ साली ते गेले. त्यांनी स्वतः लिहिलेलं चेंबर संगीत मात्र बरीच वर्षं कागदावरच पडून होतं. टोरांटोच्या एआरसी आन्सांब्ल या वादकमंडळानं त्यातल्या काही रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि २०२० साली त्या प्रसिद्ध झाल्या.

त्यांच्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्काच्या भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी, म्हणजे गेर्टींची आई आणि दोन्ही मावश्या, नाझींच्या वंशसंहारात बळी गेल्या. जे घर मागे राहिलं, ते पुढे उरलंच नाही. अशा माणसानं परक्या गावात दर गुरुवारी पियानो उघडावा, दोन जोडीदार घ्यावेत आणि चार लोकांना आपलं संगीत ऐकवावं. आणि त्याच वेळी यजमानांचं संगीत समजून घेण्यासाठी आयुष्य वेचावं. त्यानं आपल्या रागांसाठी इतकं केलं. आपण त्याच्या बैठकीसाठी चार वेळा एक ट्रायो ऐकायला हरकत नसावी.