मैदानावर काय काय वाढते?

वार्षिक परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकातून सर्वांत आधी कोणता तास नाहीसा होतो, हे तुम्हांला सांगायला नको. खेळाचा तास! त्या जागी बीजगणिताचे सर येतात आणि तुम्ही खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत बसता. या तासाबरोबर तुमचे नेमके काय जाते? मौज तर जातेच. पण आणखी एक गोष्ट अशी आहे, की तिचा खेळाशी काही संबंध असेल हे चटकन कोणाला सुचणार नाही. ती म्हणजे तुमच्या डोळ्याची लांबी.

जन्माच्या वेळी नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो. मोठेपणी तो सुमारे २४ मिलिमीटर होतो. ही वाढ बेताने झाली, तर लांबच्या वस्तूची प्रतिमा बरोबर दृष्टिपटलावर पडते. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबला, तर प्रतिमा अलीकडेच पडते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागतात. हीच निकटदृष्टिता. लांबी अवघा १ मिलिमीटर जास्त झाली, तरी अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो!

आता उजेडाकडे वळू. वर्गातला उजेड तुम्हांला पुरेसा वाटतो. पण मोजला तर तो बहुधा ३०० ते ५०० लक्स भरतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात १,००,००० लक्सपर्यंत जातो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटलही जुळवून घेते, म्हणून एवढा मोठा फरक आपल्याला जाणवत नाही. दृष्टिपटलाला मात्र तो कळतो. भरपूर उजेडात तेथे डोपामीन नावाचे रसायन जास्त स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांबण्याला आवर घालते, असे शास्त्रज्ञ मानतात. कोंबडीच्या पिल्लांवरील प्रयोगांनी या मताला बळकटी दिली आहे.

मुलांच्या शाळांतूनही याची परीक्षा झाली. चीनमधील ग्वांगजो शहरात २०१० साली १२ प्राथमिक शाळा निवडल्या गेल्या. त्यांपैकी ६ शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत या शाळांतील शंभरांपैकी सुमारे ३० मुलांना निकटदृष्टिता आली. उरलेल्या ६ शाळांत हाच आकडा ३९ ते ४० होता. तैवानमधील काओशुंगचा प्रयोग तर याहून सोपा. शेजारच्या दोन शाळांपैकी एकीत मुलांना सुट्टीत वर्गाबाहेर पडायला लावले, एवढेच. वर्षभरात तेथे शंभरांत ८ मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली, दुसऱ्या शाळेत १७ ते १८ मुलांना! मधल्या सुट्टीतही बाक न सोडणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. मात्र एकदा लागलेला चष्मा खेळून सुटत नाही, आणि सूर्याकडे टक लावून तर कधीच पाहू नये.

हाडांचे काम थोडक्यात सांगता येईल. लंगडी घालताना, उडी मारताना पाय जमिनीवर आदळतो. त्या हादऱ्याने हाडाच्या पेशींना चालना मिळते आणि हाडात क्षार अधिक साठतात. ही साठवण वाढत्या वयातच सर्वांत वेगाने होते.

मैदानावर वाढणारी आणखी एक गोष्ट मात्र पट्टीने मोजता येत नाही. जाँ पियाजे हे स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ चक्क मुलांबरोबर गोट्या खेळत आणि त्यांना विचारत, ‘हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का?’ लहान मुले म्हणत, छे, नियम कसे बदलतील! ते थोरामोठ्यांनी घालून दिलेले. गंमत अशी, की हीच मुले खेळताना ते सर्रास मोडत. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे उत्तर वेगळे येई: सगळ्यांना पटले तर बदलू, पण एकदा ठरले की पाळायचे. पियाजे यांनी ही हकिकत १९३२ साली पुस्तकरूपाने मांडली. लगोरी फुटल्यावर ‘आउट आहे’, ‘नाही’ असा जो कल्ला तुम्ही करता, त्यातच हा बदल घडत असतो. पंच म्हणून मोठे माणूस उभे असले, की तो वाद होतच नाही!

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. पाच-सहा वर्षांच्या धाकट्या भावंडाला विचारा, ‘लपंडावात राज्य घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून आकडे मोजायचे, असा नियम आपण केला तर चालेल का?’ मग तोच प्रश्न तुमच्या वर्गमित्राला विचारा आणि दोघांची उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.