एकाच डोंगराचा पूर आणि तहान

महाबळेश्वरीं वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सुमारे ६० मैल पूर्वेस, दहिवडीस, तो २० इंचांच्या आसपासच पडतो. असें कां व्हावें? समुद्रावरील बाष्पयुक्त वारे सह्याद्रीशीं अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेंच बरेचसे रिते होतात. पलीकडे उतरतांना ते तापतात. मग उरल्या बाष्पाचे थेंब सहसा बनत नाहींत. हीच पर्जन्यछाया. घाटमाथ्याचें पाणी मात्र कृष्णा, कोयना, वारणा यांतून सांगलीस येतें. म्हणून २०१९ च्या ऑगस्टांत सांगली शहराचा मोठा भाग बुडाला. त्याच जिल्ह्यांतील जत तालुका छायेंत असल्यानें वारंवार टंचाई सोसत आला आहे. मुलांना नकाशावर जिल्ह्यांच्या सीमांआधीं डोंगर दाखवावा. पुराचें आणि तहानेचें मूळ तेथेंच सांपडतें.