चूकभूल द्यावी घ्यावी, पण विमानाचे तिकीट वगळून

व्यापाऱ्याच्या बिलाच्या तळाशी पिढ्यानपिढ्या एक ओळ छापलेली असते, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. आकड्यात चूक झाली असेल तर ती दाखवावी, ती मान्य होईल आणि हिशेब दुरुस्त होईल, असे आश्वासन त्या ओळीत आहे. विमानाच्या तिकिटावर मात्र ही ओळ आढळत नाही. तेथे एका अक्षराची किंवा एका तारखेची चूक हजारो रुपयांना पडते, आणि ती ऐकून घेणारा शेठ समोर गादीवर बसलेला नसतो.

कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्याला प्रवासातील महागड्या चुकांची कथा नवी नाही. शेजारचे चौल हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांतही ‘चेमुल’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याचा माल आधीच हिरावून घेतला होता. आपल्या देशात खपेल असा माल हिंदुस्थानात विपुल मिळतो, असे त्याला सांगण्यात आले होते. येथे आल्यावर ती माहिती फोल ठरली. जुन्नरला तर त्याचा घोडाही तेथील अधिकाऱ्याने काढून घेतला आणि तो मोठ्या खटपटीने परत मिळाला. मायदेशी परतत असता घर गाठण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक उभे आहे. ऐकीव माहितीवर दूरच्या प्रवासाचा पैसा लावला की काय होते, याची ती एक आठवणच होय.

आता गलबत नाही, घोडाही नाही. दुकान बंद झाल्यावर, दिवसभराच्या थकव्यानंतर, घरातील तरुण मुलगा मोबाइलवर चार जणांची तिकिटे दहा मिनिटांत काढतो. सोय मोठी आहे; पण पूर्वी तिकीट काढणारा अनुभवी एजंट जी तपासणी करीत असे, ती जबाबदारीही या सोयीबरोबर घरात आली आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मध्यरात्रीची तारीख

सर्वांत महागडी चूक तारखेची. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा, एका कुटुंबाने दुबईला मुलीकडे जाण्यासाठी 15 तारखेची, 00:40 वाजताची तिकिटे काढली. घरात ‘पंधराची रात्र’ असे ठरते, आणि 15 तारखेला दुपारी सामान गाडीत भरले जाते. वास्तविक ते विमान 14 तारखेची रात्र संपताच, बारा वाजून चाळीस मिनिटांनी निघून गेलेले असते. रेवदंड्यासारख्या गावाहून, जेथून मुंबईचा विमानतळ शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्या विमानासाठी 14 तारखेला दुपारीच घर सोडावे लागते. म्हणून तिकीट हाती येताच कॅलेंडरवर विमान सुटण्याच्या वेळेऐवजी घरातून निघण्याचा वार, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. पावसाळ्यात मांडवा ते गेटवे या मार्गावरील बोटी बंद असतात, तेही त्याच वेळी हिशेबात धरावे.

नाव आणि विमानतळ

दुसरी चूक नावाची. घरात ज्यांना सर्व जण ‘बाबूकाका’ म्हणतात, त्यांचे ओळखपत्रावरील नाव वेगळेच असते. पासपोर्टवर नाव व वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामाच राहिलेला आहे. संयुक्त अरब अमिरातीने 21 नोव्हेंबर 2022 पासून पर्यटन व भेटीच्या व्हिसावर एकशब्दी नावाचा पासपोर्ट स्वीकारणे थांबवले. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावरील वडिलांचे वा कुटुंबाचे नाव ग्राह्य धरण्यात आले. अशा प्रवाशाने तिकिटापूर्वीच व्हिसाची चौकशी करावी. नाव स्मरणाने कधीही टंकू नये. ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे.

तिसरी चूक विमानतळाची, आणि ती रायगडकरांसाठी आता अधिक संभवते. आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम, नव्याचा एनएमआय. संकेतस्थळावर ‘मुंबई’ असे शोधले असता दोन्ही पर्याय समोर येऊ शकतात. रेवदंड्याहून वडखळ, पेण मार्गे जाणाऱ्याला नवा विमानतळ जवळचा. परंतु जाताना एक आणि येताना दुसरा निवडला गेला, तर गाडी एका ठिकाणी आणि माणसे दुसऱ्या ठिकाणी, अशी अवस्था होते. गोव्यातही दाबोळी आणि जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेला मोपा, असे दोन विमानतळ आहेत.

लहान दिसणाऱ्या चुका

व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्याने तिकीट काढतानाच आपल्या पेढीचा जीएसटी क्रमांक भरला पाहिजे. इकॉनॉमी वर्गावर 5 टक्के आणि बिझनेस वर्गावर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के कर आहे; क्रमांक भरायचा राहिला, तर बिल पेढीच्या नावे निघत नाही आणि कराची वजावट हातची जाते. जाताना दोन वर्षांच्या आतील असलेले बाळ परतीपूर्वी दोन वर्षांचे होत असेल, तर परतीसाठी त्याचे स्वतंत्र आसन लागते. जैन भोजनाची नोंद ‘व्हीजेएमएल’ या संकेताने स्वतंत्र करावी लागते, आणि तिकिटात बदल केल्यास ती कायम आहे ना, हे पुन्हा पाहावे लागते. जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र असेल आणि जाण्याचा टप्पा न वापरता सोडून दिला, तर परतीचा टप्पाही सहसा रद्द होतो. स्वस्त पडतात म्हणून दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे जोडणाऱ्याने हे जाणावे की पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर त्याचे उत्तरदायित्व नसते.

चूक झाल्यावर पहिला दिवस

इतकी दक्षता घेऊनही चूक होते. अशा वेळी पहिला दिवस सोन्याचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 1 ऑगस्ट 2016 पासून लागू झालेल्या परतावा नियमांनुसार, थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर काढलेले आणि किमान सात दिवस पुढच्या प्रवासाचे तिकीट 24 तासांच्या आत कोणतेही शुल्क न देता रद्द करता येत असे किंवा बदलता येत असे. बदलताना फक्त भाड्यातील फरक द्यावा लागतो. ही मुदत 48 तास करण्याचा प्रस्ताव महासंचालनालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला. तिकीट काढताना लागू असलेली मुदत अवश्य पाहावी. परंतु 24 तास धरून चालणे केव्हाही सुरक्षित. अमेरिकेतही प्रवास किमान सात दिवस दूर असल्यास 24 तासांची अशीच सवलत आहे.

मुदत टळली तरी सर्व काही बुडत नाही. त्याच नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेता येत नाही. प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत द्यावी लागतात, आणि हा नियम परतावा नसलेल्या सवलतीच्या तिकिटांनाही लागू आहे. समजा, तिकीट 6,000 रुपयांचे आहे. त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार 4,900 आणि कर व शुल्के 1,100. विमान चुकले तरी हे 1,100 रुपये प्रवाशाचे, चौघांचे 4,400. ‘परतावा नाही’ एवढे शब्द वाचून पुष्कळ जण ही रक्कम मागतच नाहीत. व्यापाऱ्याने तरी आपले येणे असे सोडू नये.

क्रेडिट कार्डाने भरलेली रक्कम रद्द केल्यापासून सात दिवसांत, तर एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाची नियमाने ठरलेल्या मुदतीत परत मिळाली पाहिजे, आणि एजंट मध्ये असला तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. परतावा पुढील प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायचा की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते. परदेशी कंपन्यांना मात्र त्यांच्या देशाचे परतावा नियम लागू होतात. दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारचे ‘एअर सेवा’ संकेतस्थळ आणि 1915 ही ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे.

एका चुकीतून दुसरी

खात्यातून रक्कम वळती झाली आणि तिकीट मात्र आले नाही, असेही होते. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरणारे पुष्कळ. मग दोन्ही तिकिटे निघतात आणि एक रद्द करण्याचा भुर्दंड बसतो. प्रथम ई-मेल आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंद तपासावी. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, कार्डाने वा यूपीआयने व्यापारी संस्थेला केलेला व्यवहार असा अर्धवट राहिल्यास रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यानंतर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देय आहे.

त्याहून गंभीर धोका फसवणुकीचा. घाबरलेला माणूस इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो आणि नेमका भामट्याच्या हाती लागतो. ‘परतावा पाठवतो, पिन टाका’ असे पलीकडून गोड आवाजात सांगितले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो पैसे देण्यासाठीच लागतो. क्रमांक तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसगत झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

घरातली शिस्त

वरील सर्व नियमांचा उपयोग एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: चूक वेळेत घरात बोलली गेली पाहिजे. तिकीट बहुधा घरातील मुलगा, सून किंवा पुतण्या काढतो. चूक ध्यानात आली तरी, ‘एवढे शिकून हे जमले नाही का?’ हे वाक्य चारचौघांत ऐकावे लागेल या भीतीने ती दडवली जाते. आज सांगू, उद्या सांगू, यात तो बहुमोल दिवस निघून जातो. जी दुरुस्ती विनामूल्य झाली असती तिला हजारो रुपये लागतात, आणि ती रक्कम घरातील रागाची किंमत असते.

बँकेत मोठा व्यवहार एक जण नोंदवतो आणि दुसरा तपासतो. पहिल्यावर अविश्वास असतो म्हणून ही पद्धत नाही. थकलेल्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, हे सर्वांनी मान्य केलेले असते. घरानेही तेच करावे. पैसे भरण्यापूर्वी नाव, तारीख, वेळ आणि विमानतळ या चार गोष्टी एकाने मोठ्याने वाचाव्यात आणि दुसऱ्याने ओळखपत्र व कॅलेंडर समोर ठेवून होकार द्यावा. तिकीट आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, मुदत संपण्यापूर्वी, ते पुन्हा एकदा वाचावे. रोजमेळ रोजच्या रोज जुळवणाऱ्या घरांना ही सवय जड जाऊ नये.

आणि तरीही चूक झाली, तर ती सांगणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनी प्रथम एवढेच म्हणावे, ‘बरे झाले, लगेच सांगितलेस.’ ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ ही ओळ विमान कंपनी आपल्या तिकिटावर छापणार नाही. ती घरात पाळली गेली, तर पुष्कळदा तेवढ्यानेच नुकसान टळते.