विळीचा दोष नव्हे

काही वर्षांपूर्वी बेळगावात, वरचा ओठ मध्यभागी दुभंगलेले एक अर्भक मी तपासले. त्याच्या मेंदूचा पुढील भाग दोन गोलार्धांत विभागलाच नव्हता. “ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली,” सासूबाई म्हणाल्या. सून मान खाली घालून बसली होती.

वस्तुतः तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भावी मेंदूच्या पटलाखालील ऊती ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनाद्वारे त्याला मध्यरेषा दाखवितात. हा संदेश क्षीण झाल्यास मेंदू दुभागत नाही, चेहराही बिघडतो. १९९६ साली उंदरांतील हे जनुक निकामी करून, तसेच काही बाधित कुटुंबांत त्यातच दोष आढळून, याची प्रचीती आली.

मी हे सोप्या शब्दांत सांगितले.

“म्हणजे विळी नव्हे?”

“नव्हे, काकू. तेव्हा हिला दिवस राहिल्याचेही नीट ठाऊक नसेल.”

सुनेने प्रथमच मान वर केली.