मान-खांदे दुखतात? रोज दोन मिनिटे द्या

दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या अनेकांची एकच तक्रार असते: दुपारनंतर मान आखडते, खांदे भरून येतात. मग बाम, शेक, गोळी आणि 'आराम करा' हा सल्ला. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच.

मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीपर्यंत ट्रॅपेझियस नावाचा स्नायू पसरलेला असतो. टाइप करताना आपले खांदे नकळत उचललेले राहतात. ताण थोडाच असतो, पण तासन्‌तास सुटत नाही. म्हणून स्नायू दुखतो. अशा स्नायूला नुसती विश्रांती पुरत नाही, त्याला बळकट करावे लागते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी हे तपासून पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणारे १९८ कार्यालयीन कर्मचारी होते. एका गटाने रोज २ मिनिटे, दुसऱ्याने १२ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस रबरी पट्ट्याचा व्यायाम केला. तिसऱ्या गटाला फक्त आरोग्याची माहिती दिली. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते. दोन मिनिटेही कामी आली!

हा व्यायाम घरी करता येतो. रबरी पट्टा पायाखाली दाबून त्याची टोके दोन्ही हातांत धरा. कोपरे किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचला आणि तितक्याच सावकाश खाली आणा. हात थकले की थांबा. पट्टा नसेल तर पाण्याच्या भरलेल्या लहान बाटल्या घ्या. आरंभी स्नायू थोडे दुखतील, त्याला घाबरू नका. जमू लागले की वजन हळूहळू वाढवा. एका दिवसात फरक दिसणार नाही. काही आठवडे नेमाने करा.

मात्र हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, पडल्यानंतर मान दुखत असेल, सोबत ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम वा धाप असेल तर क्षणाचाही उशीर न करता रुग्णालय गाठा.

दुखणे अंगावर काढणे म्हणजे कष्टाळूपणा नव्हे. घरातील नोकरदार लेकी-सुनांनाही ही दोन मिनिटे मिळतील, एवढे आपण सर्वांनी पाहू या.