विषाचा परवाना आणि फवारणारा हात

1958 साली केरळ व मद्रास राज्यांत विषारी अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावली. वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यपिठाला लागल्याने हा अनर्थ ओढवला होता. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे 1968 चा कीटकनाशक अधिनियम आणि 1971 चे नियम अस्तित्वात आले.

वैनगंगेच्या काठी धानावर जगणाऱ्या आपल्या बालाघाट जिल्ह्यात खोडकिडा वा तुडतुडे दिसताच शेतकरी कृषी केंद्राची पायरी चढतो. त्या दुकानदाराला राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा परवाना लागतो. 2015 च्या दुरुस्तीने विक्रेत्यासाठी कृषी अथवा संबंधित विज्ञानशाखेची पदवी आवश्यक ठरविली. नंतर पदविकेचाही पर्याय देण्यात आला. पैसे घेऊन घरे-गोदामांतील कीड मारणाऱ्या व्यावसायिकालाही शिक्षण, विहित प्रशिक्षण व परवाना सक्तीचा आहे.

मात्र स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवर औषध वापरणाऱ्यास अधिनियमाच्या 38 व्या कलमाने वगळले आहे. घरच्या शेतावर पावलोपावली परवाना मागणे व्यवहार्य नाही, हे उघड आहे. परंतु त्याच शेतात रोजंदारीवर पाठीला पंप लावणाऱ्या मजुरासाठीही कोणतेही प्रमाणपत्र विहित नाही. म्हणजे विष विकणारा शिकलेला असावा, असे कायदा म्हणतो. ते अंगावर झेलणाऱ्याच्या शिक्षणाविषयी मात्र तो मौन पाळतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा या मौनाची किंमत साऱ्यांना कळली.

कायद्याने एक खूण मात्र निरक्षरालाही उमगेल अशी दिली आहे. डब्यावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष नव्हे, केवळ कमी विषारी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, हात धुतल्याविना तंबाखूला स्पर्श करू नये, रिकामा डबा घरात वापरू नये, आणि विषबाधा झाल्यास रुग्णासोबत डब्यावरील माहितीपत्रक दवाखान्यात न्यावे.

या गोष्टी शिकविण्यास परवाना लागत नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी शेतमालक असतील, कुणी कृषी केंद्र चालवीत असतील. मजुराच्या पाठीवर पंप चढण्यापूर्वी त्याला हे चार रंग ओळखता यावेत, एवढी जबाबदारी आपण आपल्याकडे घ्यावी. कायदा जिथे थांबतो, तिथून शिक्षिताचे कर्तव्य सुरू होते.