‘मंगल’ कुठे गेला?

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. माझ्या दुकानातल्या संगणकात इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर होता. विंडोज 11 ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणजे नवा डबा घेणं आलं. दिवाळीच्या गडबडीत तो आला, जोडला, आणि मी सवयीने माउस पडद्याच्या वरच्या कडेला नेला. तिथे काहीच नव्हतं.

माझा टास्कबार 1999 पासून वर असतो. कारण अगदी साधं आहे. पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्राममध्ये पानांच्या चिठ्ठ्या खालच्या कडेला असायच्या. त्यांच्यावर क्लिक करताना हात जरा घसरला की खालच्या पट्टीवरची भलतीच खिडकी उघडायची. दुकानात येणाऱ्या एका मुलाने पट्टी ओढून वर नेऊन दिली, ती तिथेच राहिली. विंडोज 98, एक्सपी, 7 आणि 10 या सगळ्यांनी ती सोय ठेवली होती. विंडोज 11 निघालं तेव्हा ती नव्हती. पट्टीवर फाइल ओढून सोडायची सोयही सुरुवातीला नव्हती, ती 2022 मध्ये परत आली. पंचवीस वर्षांचा हात एका दिवसात बदलत नाही. अजूनही मी दिवसातून दहादा वर जाते आणि रिकाम्या हाताने खाली येते.

पण मला सांगायचंय ते पट्टीबद्दल नाही. नव्या प्रणालीत काय काय हरवलं याच्या याद्या लोक करतात, त्यांत बटणं असतात, मेनू असतात, खेळ असतात. मी कांजूरमार्गला स्टेशनच्या पश्चिमेला बसून सत्तावीस वर्षं मराठी टाइप करते आहे. माझ्या यादीत अक्षरं आहेत.

टायपिंग मी भांडुपच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. मशीन गोदरेजचं. गोदरेजने 1955 मध्ये टाइपरायटर काढायला सुरुवात केली आणि तो काढला आमच्या शेजारच्या विक्रोळीत. एका स्टेशनावर बनलेल्या यंत्राची अक्षरं दुसऱ्या स्टेशनावरच्या मुलीच्या बोटांत बसली, इतका तो घरचा मामला. 1998 मध्ये लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पहिला संगणक आला, त्यावर विंडोज 98. त्यावर मराठीसाठी एक विकतची अक्षरप्रणाली टाकली. तिने विचारलं, कीबोर्ड कुठला हवा? मी टाइपरायटरचा निवडला. बोटांना कळलंही नाही की खालचं यंत्र बदललंय.

तेव्हा संगणकाला मराठी येतच नव्हतं. आपण इंग्रजी लिहितोय असंच त्याला वाटायचं. फॉन्ट एवढंच करायचा की इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसवायचा. घरं सगळी मिळून दोनशे छप्पन्न, त्यातली बरीच आधीच गेलेली. मग अर्धी अक्षरं, काने, रफार यांची दाटीवाटी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की डोक्यावर टोप्या आणि ठिपके घातलेली परदेशी अक्षरं रांगेने उभी. फाइलला नाव द्यायचं तर इंग्रजीतच. मंडळाचा अहवाल शोधायचा म्हणजे ‘अहवाल’चं कुठलं स्पेलिंग आपण त्या वर्षी केलं होतं, ते आठवत बसायचं.

आणि तरीही कागदावर उतरायचं ते मराठी अस्सल. पाकळ्यांचा ल, देठाचा श, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. लग्नपत्रिका नीट, गणेशोत्सवाचे अहवाल नीट. ग्राहकाला कागदाशी मतलब. आत संगणकाला काय कळतंय याची त्याला काय पडलीय.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्या मुंबईला पाठ आहे. माझा सीपीयू जमिनीवर होता, हा माझा मूर्खपणा. पाणी ओसरल्यावर आम्ही तो उघडून पंख्याखाली ठेवला. बोर्ड गेला, हार्ड डिस्क कशीबशी वाचली. नव्या डब्यात ती डिस्क दुसरी म्हणून जोडली आणि पहिल्या डिस्कवर एक्सपी आलं.

एक्सपी 2001 चंच, आमच्याकडे चार वर्षं उशिरा. त्यात मराठी होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची, संगणक बंद करून चालू करायचा. त्याआधी ‘किरण’ लिहिलं तर वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसायची. खूण केल्यावर जागेवर आली. मी पहिली गोष्ट काय केली, तर एका फोल्डरला मराठीत नाव दिलं: ‘गणेशोत्सव 2005’. वीस वर्षांनीही तो क्षण आठवतो. आता फाइल फॉन्टच्या नावाने नाही, तर आपल्या नावाने ओळखली जात होती. यालाच युनिकोड म्हणतात, हे नंतर कळलं.

आनंद दुपारपर्यंत टिकला. कीबोर्डांच्या यादीत टाइपरायटर नव्हता. होता तो सरकारी प्रमाणाचा इनस्क्रिप्ट, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. रचना शहाणी आहे, हे मी आज मान्य करते. पण तेव्हा माझी बोटं गोदरेजची होती. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारी मी एकेक चावी शोधत बसले. मंडळाचा पोरगा काउंटरवर वाकून म्हणाला, ‘‘ताई, आज तुम्ही शिकायला बसलात की काय?’’ शिकायलाच बसले होते. पुढे टाइपरायटरची रचना देणारी वेगळी साधनं मिळाली, पण तोवर मी महिनाभर घासून इनस्क्रिप्टवर आले होते आणि परत जाणं जिवावर आलं.

शिवाय अक्षरं. ‘ॲ’साठी चावी नव्हती. होती ती हिंदीच्या सोयीची, ए वर चंद्र असलेली ‘ऍ’. त्या वर्षांतलं मराठी टंकन काढून पाहा, ‘ऍड.’ आणि ‘ऍम्ब्युलन्स’ यांची रेलचेल दिसेल. लोक हसायचे, पण दुसरा इलाजच नव्हता. आपल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं ते 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत. ‘दुसऱ्या’तला अर्धा र होता, पण त्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य अशी वाट होती, ती सांगणारं कोणी नव्हतं. माहीत नसलेल्यांनी साधा र मारला, त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर बसला. आणि पाकळ्यांचा ल कुठेच नव्हता. पडद्यावर आला तो दंडाचा, हिंदी पुस्तकांत असतो तसा. श सुद्धा हिंदीच.

पडद्यावरचा तो फॉन्ट म्हणजे ‘मंगल’. आयआयटीची मुलं प्रबंधाच्या बांधणीसाठी पवईहून रिक्षाने आमच्याकडे उतरतात, त्यांचं स्टेशन कांजूरच. त्यांतला एक आयडीसीचा होता, आयआयटीच्या डिझाइन शिकवणाऱ्या विभागातला. मी ल वरून कुरकुर करत होते, तर तो म्हणाला की मंगल केला तो र. कृ. जोशींनी. कवी, जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलाकार, सुलेखनातले गुरू, आधी आयडीसीत शिकवणारे आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरं घडवणारे. मी थक्क झाले. जगभरच्या विंडोजमध्ये गेलेली देवनागरी माझ्या दुकानापासून रिक्षाच्या अंतरावर शिकवणाऱ्या मराठी माणसाची, आणि तिच्यात मराठी ल नाही! आता वाटतं, एकाच फॉन्टात हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांना बसवायचं तर कुणाचा तरी ल बाहेर राहणारच होता. जोशी 2008 मध्ये गेले. त्याच वर्षी ‘ॲ’ला घर मिळालं, एवढं माझ्या लक्षात राहिलंय.

त्यापुढे बरीच वर्षं दुकानात दोन मराठ्या नांदल्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीच्या नोटिसा युनिकोडात. पत्रिका आणि अहवाल जुन्या फॉन्टात, कारण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची सातवी आवृत्ती 2001 ची, ती शेवटची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला भारतीय लिप्या उघडपणे जमल्या त्या 2012 मध्ये. सरकारी कार्यालयांतून युनिकोड, छापखान्यांतून जुने फॉन्ट आणि मधे आमच्यासारख्या बायका सकाळपासून रात्रीपर्यंत एकाचं दुसऱ्यात पुन्हा टाइप करणाऱ्या. यावर कुणी अहवाल लिहिला नाही.

याच काळात आयआयटीच्याच एका मुलाने उबुंटू या वेगळ्या प्रणालीची सीडी आणून दिली. तेव्हा उबुंटूची कंपनी ती मागेल त्याला फुकट घरपोच पाठवायची. त्यात देवनागरी फॉन्ट आयताच होता, कुठे खूण करायची गरज नाही. दोन दिवस खूश होते. मग पेजमेकरचं काम आलं आणि सीडी परत पाकिटात गेली.

विस्टा मी पाहिलं ते गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपवर. माझ्या मुलाची तक्रार एकच, त्यातला पिनबॉल गेला. विंडोज 8 ने 2012 मध्ये स्टार्टचं बटणच काढलं, तेव्हा ‘संगणक बंद कसा करायचा’ हे विचारायला लोक दुकानात यायचे. मी दहा रुपये घ्यायला हवे होते. वर्षभरात 8.1 मध्ये बटण परत आलं आणि माझा तो संभाव्य धंदा बसला.

मला खरी ठेच लागली ती 2014 मध्ये. एप्रिलच्या 8 तारखेला एक्सपीची मुदत संपली, मी विंडोज 7 घेतलं, 64 बिटचं. दुकानदार म्हणाला, वेगवान आहे. वेगवान होतंच. पण जुन्या अक्षरप्रणालीचं डोंगल, प्रिंटरच्या पोर्टला खोचायचं ते बोटभर कुलूप, त्याचा ड्रायव्हर 32 बिटचा. 64 बिटवर तो चालत नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला, ते म्हणाले, नवी आवृत्ती घ्या, पूर्ण पैसे भरून. सोळा वर्षांचं काम एका कुलपामागे आणि किल्ली हातात असून उपयोग शून्य. विंडोज 7 च्या वरच्या प्रतींत आतल्या आत एक्सपी चालवायची सोय मिळायची, आमची प्रत खालची. शेजारच्या हिशेबवाल्याचा तर डॉसमधला बिलांचा फॉक्सप्रो प्रोग्राम त्याच दिवशी मेला. 16 बिटचे प्रोग्राम 64 बिटच्या विंडोजवर उघडत नाहीत. आम्ही दोघं त्या संध्याकाळी स्टेशनबाहेर चहा पीत एकमेकांचं सांत्वन करत होतो.

रूपांतर करणारी साधनं आहेत, मी वापरते. पण त्यातून क्ष फुटतो, रफार सरकतो, आणि शेवटी प्रूफ वाचायचंच. म्हणून मी एक्सपीचा डबा भंगारात दिला नाही.

विंडोज 10 मात्र माझ्याशी बरं वागलं. 2019 च्या मे महिन्यातल्या सुधारणेत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला. माझ्या मदतनीस मुलीने रोमन अक्षरं मारली आणि पडद्यावर ‘कांजूर’ उमटलं. टायपिंगचा क्लास नाही, परीक्षा नाही. मला थोडा रागच आला. त्याच वर्षी हार्ड डिस्क गेली, कोरं विंडोज 10 टाकलं, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा अर्ज उघडला. पानं कमी भरली. सही शेवटच्या पानावर एकटी होती ती आता मजकुराच्या मधे. वर फॉन्टच्या चौकटीत नाव ‘मंगल’च, पण अक्षरं मंगलची नाहीत. तासभर डोकं फोडल्यावर उमगलं की मंगल आता विंडोजबरोबर आपोआप येत नाही. त्याच्या जागी निर्मला आहे. सेटिंगमध्ये पर्यायी सोयींच्या यादीतून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवून घ्यावे लागतात, तेव्हा मंगल परत येतो, सोबत कोकिला, उत्साह आणि अपराजिता. ज्याच्या ल वर मी चौदा वर्षं कुरकुरले, तो नाहीसा झाल्यावर मीच त्याला शोधत फिरले.

पाकळ्यांचा ल आता परत आला आहे. शासनाने 2022 च्या नोव्हेंबरात निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलं. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आयडीसीच्याच मदतीने झालेला, तो मोफत मिळतो, मी पत्रिकांना तोच लावते. नव्या डब्यावर सगळ्यात आधी तो आणि मंगल टाकले, मग टास्कबारकडे पाहिलं.

एक्सपीचा डबा माळ्यावर आहे, डोंगलसकट. दर अमावास्येला नाही, पण दोन महिन्यांतून एकदा चालू करते. 1998 ते 2014 मधला कुठल्या मंडळाचा, सोसायटीचा अहवाल माझ्याकडे छापला असेल आणि पुन्हा हवा असेल, तर आदल्या दिवशी कळवा. तो खाली उतरवायला माणूस लागतो आणि सुरू व्हायला वीस मिनिटं.